धुळ्यात दोन दिवसांचे पाहुणे: शुक्रवारची रात्र ते रविवारची दुपार

गुरुवारी रात्री पुण्याहून धाकट्या नणंदेचा फोन येतो. "वहिनी, या शनिवार-रविवारी येतोय आम्ही चौघं. पण तिकडे बघण्यासारखं काय आहे गं?" बरीच वर्षं मी यावर एकच उत्तर दिलं: "अगं, धुळ्यात काय असणार! तुम्ही या नुसते, गप्पा मारू." आता मी असं म्हणत नाही. आपणच आपल्या गावाला काही नाही म्हटलं की पाहुणे तसंच मनात धरून येतात. मग दोन दिवस टीव्ही आणि मोबाईलसमोर जातात, नाहीतर तिसऱ्याच कुणाच्या सल्ल्याने सगळे गाडीत बसून वेरूळला जातात आणि रात्री दहाला थकून परततात. दोन्ही प्रकारांत आपलं गाव बघायचं राहून जातं, आणि आपली माणसंही नीट भेटत नाहीत.

गेली काही वर्षं मी एक साधा हिशोब पाळते. दोन दिवसांत एक सकाळ बाहेर, एक ठिकाण छताखालचं, एक संध्याकाळ बाजारात आणि एक जेवण असं की ज्याला दोन तास लागतील. एवढंच. पाहुणे याहून जास्त मागत नाहीत, हा माझा अनुभव आहे. खाली लिहिलंय ते धुळ्याचं, पण जळगाव, नंदुरबार, अमळनेर, शिरपूर कुठेही राहत असलात तरी ठिकाणांची नावं बदलून चालेल.

आधी फोनवर चार गोष्टी विचारून घ्या

पहिली, कोण कोण येतंय आणि कुणाचे गुडघे दुखतात. हे स्पष्ट विचारायला संकोच वाटतो, पण लळिंग किल्ल्याच्या अर्ध्या चढावर मावशींना बसवून ठेवण्यापेक्षा तो संकोच परवडला. लहान मुलं असतील तर वयं विचारा. चार वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल यांचा दिवस वेगळा असतो.

दुसरी, कसे येणार. मुंबई-नाशिककडून येणारे मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगाववरून सरळ येतात. त्यांना सांगून ठेवा की लळिंगचा किल्ला डोंगरावर दिसला की घर आलं, चहा टाकायला फोन करा. रेल्वेने येणारे बहुतेक चाळीसगावला उतरतात. तिथून धुळं छप्पन्न-सत्तावन्न किलोमीटर आहे. रात्रीच्या गाडीने येत असतील तर चाळीसगावहून पुढचं वाहन आधी ठरवून ठेवा, ते काम पाहुण्यांवर सोडू नका.

तिसरी, परत कधी निघायचंय. सगळं वेळापत्रक या एका उत्तरावर बसतं. "रविवारी संध्याकाळी" असं मोघम उत्तर आलं तर आपणच चार वाजता म्हणून ठरवावं.

चौथी, खाण्याचं. तिखट किती चालतं, मांसाहार करतात का, आणि शनिवारी कुणाचा उपवास असतो का. कॅलेंडरमध्ये एकादशी, चतुर्थीही बघून घ्या. एकदा मी आठ जणांच्या बट्टीचं पीठ भिजवलं आणि पाचजणांचा उपवास निघाला. सकाळी साडेआठला भगर आणायला धावाधाव झाली. तेव्हापासून हा प्रश्न मी पहिल्याच फोनमध्ये विचारते.

महिना कोणता, त्यावर सगळं

खान्देशात पाहुणचाराचं नियोजन महिना बघूनच करावं लागतं. एका मे महिन्यात आम्ही भावाच्या कुटुंबाला एकाच दिवसात सोनगीर, थाळनेर आणि येताना शिरपूर असं फिरवलं. दुपारी दोनला थाळनेरच्या उघड्या माळावर भाचीला ऊन लागलं. ताप, उलट्या, सगळी रात्र तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवण्यात गेली. ती बरी झाली, पण चूक आमची होती. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, आणि पुण्या-मुंबईच्या माणसांना या कोरड्या उन्हाचा अंदाज येत नाही. घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. म्हणून उन्हाळ्यात माझा नियम असा: सकाळी साडेनऊला घरात, संध्याकाळी सहाच्या आधी बाहेर नाही. मधल्या वेळेत कैरीचं पन्हं, कुलर, पत्ते आणि झोप. बाहेर पडताना प्रत्येकाच्या डोक्याला रुमाल आणि पिशवीत ओआरएसची दोन पाकिटं. कुणी गरगरतंय म्हणालं, घाम थांबला किंवा बोलताना अडखळू लागलं तर गार जागी नेऊन अंग ओलं करा, आणि वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. हवा गार, वांगी ताजी, हुरडा कोवळा. कुणाला निवड करायची मोकळीक असेल तर मी डिसेंबर-जानेवारीच सुचवते. पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात, लळिंगचं कुरण हिरवंगार होतं. एरवी करडे दिसणारे आमचे डोंगर बघून पाहुण्यांना खरं वाटत नाही.

सणावाराचंही बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी असतात, झोके बांधलेले असतात, आमरस-पुरणपोळी असते. ऊन कडक असलं तरी घरात बसून साजरा करायचा सण म्हणून पाहुण्यांना तेव्हा जरूर बोलवावं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खान्देशची देवी, घरात बसते. तो सोहळा बघण्यासारखा आहे, पण ज्यांच्या घरी कानबाई असते त्या घरच्या बाईला त्या दोन दिवसांत पाहुण्यांकडे बघायला सवड नसते. तेव्हा पाहुण्यांना आधीच सांगावं की या, पण कामाला हात लावायचा. चैत्री पौर्णिमेला एकवीरादेवीची यात्रा भरते, पांझरेच्या काठी गर्दी असते. गर्दी आवडणाऱ्यांनाच तेव्हा बोलवा.

घराची तयारी

यात लांबण लावण्यासारखं काही नाही, पण पाण्याचं आधी बघा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मोठ्या शहरातून आलेल्या माणसाला हे माहीत नसतं आणि तो शॉवर सुरू ठेवतो. पाहुणे येण्याच्या दोन दिवस आधी टाकी, पिंप, हंडे सगळं भरून ठेवा, आणि आल्यावर न लाजता सांगा की बादलीने अंघोळ करा. लोक समजून घेतात. उन्हाळ्यात कुलरलाही पाणी लागतं, तो हिशोब वेगळा धरा.

गाद्या शुक्रवारी सकाळी उन्हात टाका. उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची सोय केली तर मुलांना दुसरं काही लागत नाही. संध्याकाळी सहाला गच्चीवर पाणी मारायचं, आठ वाजेपर्यंत फरशी निवते, मग सतरंज्या टाकायच्या.

शुक्रवारची रात्र

पाहुणे दमून येतात. या रात्री मेजवानी करू नका, ही मी आवर्जून सांगते ती गोष्ट. तुरीच्या डाळीची खान्देशी खिचडी, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, भाजलेला पापड, कांदा आणि ताक. तूप हवं असेल त्याला तूप द्या, पण एकदा तेल घालून खाऊन बघा म्हणावं. ही खिचडी अर्ध्या-पाऊण तासात होते, गाडीला उशीर झाला तरी बिघडत नाही, आणि आपल्यालाही गप्पांना मोकळं ठेवते. जेवण झाल्यावर दोन दिवसांचा बेत सगळ्यांसमोर सांगा. कुणाला काही नको असेल तर ते तेव्हाच कळतं.

शनिवार सकाळ: छताखालचं ठिकाण

शनिवारी उशिरा उठू द्या. पोहे किंवा उपमा, चहा, आणि साडेदहा-अकराला राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि दुसऱ्या वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून, पेट्यांतून जुनी दप्तरं गोळा करण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं, त्याने मागे ठेवलेला ठेवा तिथे आहे. शिवाय खान्देशातून मिळालेल्या जुन्या मूर्ती, नाणी, हस्तलिखितं. हे मी शनिवारी ठेवते, कारण अशा संस्था रविवारी किंवा सुटीच्या दिवशी बंद असण्याची शक्यता असते. आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा आणि किती जण येणार तेही सांगा. आधी कळवलं की तिथलं कुणीतरी आपुलकीने दाखवतं, आणि दाखवणारं माणूस असलं की दगडाची मूर्तीही बोलायला लागते.

पाहुण्यांमध्ये कुणी वाचणारं, भाविक किंवा जुन्या अक्षरांची आवड असणारं असेल तर समर्थ वाग्देवता मंदिरही त्याच सकाळी करा. शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांना सगळे नानासाहेब देव म्हणत, त्यांनी रामदासी मठामठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मिळवून इथे जपली. समर्थांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकिरामायण इथे आहे. माझे सासरे गेल्यावर्षी त्या पानांसमोर किती वेळ उभे होते ते मला आठवतं. ओळी सरळ, अक्षर टपोरं, आणि ते एका माणसाने हाताने लिहिलंय. लहान मुलं मात्र इथे कंटाळतात. त्यांना घेऊन घरातल्या एकाने बाहेर रसवंतीवर जावं.

दोन्ही ठिकाणी मिळून दीड-दोन तास. त्यापलीकडे ताणू नका.

येताना गाडीतून जुन्या शहराच्या गल्ल्या दाखवा आणि एक गोष्ट सांगा. धुळ्याच्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, आणि त्या सरळ रेषेत आहेत, हे पाहुण्यांच्या लक्षात येतंच. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज खान्देशचा कारभार बघायला आला. त्याने धुळं हे मुख्य ठाणं केलं आणि १८१९ मध्ये नवी पेठ आखून वसवली. पत्ता सांगताना आपण "गल्ली नंबर चार" म्हणतो, त्यामागे दोनशे वर्षांपूर्वीची ही आखणी आहे. पुण्याच्या माणसाला पेठांच्या बोळांची सवय असते, त्याला हे फार आवडतं.

शनिवार दुपार

काही करू नका. साधं जेवण, डाळ-भात-भाजी-पोळी, आणि झोप. दुपार रिकामी ठेवणं हाही नियोजनाचाच भाग आहे. गेल्या वर्षी याच रिकाम्या दुपारी माझ्या जावेने आणि नणंदेने चौदा वर्षांपूर्वीचं एक भांडण बोलून मिटवलं. ते कुठल्या किल्ल्यावर झालं नसतं.

शनिवार संध्याकाळ: बाजार आणि शेवभाजी

साडेपाच-सहाला आग्रा रोड आणि पाच कंदील. गाडी लांब लावा आणि पायी फिरा. इथे काही "बघायचं" नसतं, इथे घ्यायचं असतं. भाजीची शेव, म्हणजे जाड, तिखट शेव, जी नुसती खायच्या शेवेपेक्षा वेगळी असते. दुकानदाराला "भाजीसाठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर बारीक शेव देईल आणि ती रश्श्यात पडताच विरघळेल. काळा मसाला. बिबडे, ज्वारीचे पापड. हंगाम असेल तर लाल मिरची, आमच्या भागात नंदुरबार-दोंडाईच्याची. मुलांच्या हातात दोन पिशव्या द्या आणि भाव विचारायचं काम त्यांच्याकडे सोपवा.

बाजारात अहिराणी कानावर पडते. पाहुण्यांना "कसं काय शे?" आणि "बरं शे" एवढं शिकवून पाठवा. माझ्या भाच्याने एका भाजीवाल्या आजींना "बरं शे ना?" म्हटलं, त्यांनी हसून त्याच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर टाकली. आजही तो ते सांगतो.

गर्दी नको असणाऱ्यांसाठी दुसरा पर्याय नकाणे तलाव. संध्याकाळी काठावर वारा असतो, हिवाळ्यात पक्षी दिसतात. पाण्यात मुलांना उतरू देऊ नका.

घरी येऊन शेवभाजी. आठ जणांसाठी माझं प्रमाण असं: चार मोठे कांदे थेट आचेवर सालासकट काळे होईपर्यंत भाजायचे, अर्धी वाटी सुकं खोबरं तव्यावर तांबूस भाजायचं. त्यात वीसेक लसणाच्या पाकळ्या, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर घालून बारीक वाटण. वाटणात पाणी कमी घाला. पातेल्यात तेल सढळ हाताने, नेहमीपेक्षा जास्तच, कारण तरी आली पाहिजे. तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. इथे घाई केली तर कच्चा वास शेवटपर्यंत राहतो. मग हळद, दोन चमचे काळा मसाला, लाल तिखट पाहुण्यांच्या बेताने, आणि कढत पाणी. गार पाणी घातलं तर तरी बसते. पंधरा मिनिटं उकळू द्या. शेव मात्र ताटात वाढताना घालायची, पातेल्यात नाही. तीनशे ग्रॅम पुरते. सोबत भाकरी, लिंबू, कांदा. तिखट न चालणाऱ्यांसाठी तिखट घालण्यापूर्वीच थोडा रस्सा दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा, मुलांनाही तोच.

मांसाहारी पाहुणे असतील तर याच वाटणावर मटण करता येतं. पण तेव्हा दुसऱ्या दिवशीची बट्टी थोडी कमी धरा.

रविवार सकाळ: लळिंग

पाचला उठायचं. आदल्या रात्री हे चौघांना सांगितलं तर दोघं कुरकुर करतात. त्यांना झोपू द्या, जबरदस्ती नको. उरलेल्यांनी साडेपाचला निघायचं. शहराच्या दक्षिणेला मुंबईच्या दिशेने दहा-अकरा किलोमीटरवर, महामार्गाला लागूनच लळिंग गाव आहे. गावात जुनं दगडी महादेवाचं मंदिर आहे, चढायच्या आधी तिथे थांबा. गाड्या तिथेच सावलीत लावा, उतरेपर्यंत ऊन आलेलं असतं.

चढ फार अवघड नाही, पण दगड सुटे आहेत. चपला घालून येऊ देऊ नका. लहान मुलं आणि गप्पा धरून तास लागतो. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, तटबंदीचे अवशेष आहेत, ललिता मातेचं मंदिर आहे. टाक्यांचे काठ निसरडे असतात, मुलांचा हात धरा. वर प्यायचं पाणी किंवा दुकान नाही, म्हणून माणशी एक लिटर पाणी खालून न्या. सोबत शेंगदाणे-गूळ किंवा केळी. साली परत आणा.

वर बसलात की पाहुण्यांना खान्देशचं नाव कुठून आलं असावं ते सांगायची ही जागा आहे. फारुकी घराण्याने इथे दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं. त्यांची राजधानी पुढे बऱ्हाणपूरला गेली, पण सुरुवातीच्या काळात तापीकाठचं थाळनेर आणि हे लळिंग ही त्यांची महत्त्वाची ठाणी होती. राज्यकर्ते "खान" म्हणवत, त्यावरून मुलखाचं नाव पडलं असं बहुतेक सांगितलं जातं. १६०१ मध्ये अकबराने हे राज्य जिंकून घेतलं. खाली जो महामार्ग दिसतो, त्या वाटेवर नजर ठेवायला हा किल्ला आहे, हे वरून बघितल्यावर सांगावं लागत नाही.

पायथ्याच्या कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले होते, आणि त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक इथे जमतात. तो दिवस शनिवार-रविवारी आला आणि तुम्हाला अभिवादनाला जायचं असेल तर सकाळी लवकर पोचा. नुसता किल्ला बघायचा असेल तर दुसरा रविवार निवडा. पावसाळ्यात याच भागात ओढ्या-धबधब्यांनाही पाणी असतं. तिथे गर्दी होते आणि दगड शेवाळलेले असतात, तेव्हा लांबूनच बघा.

साडेनऊला घरी.

रविवार दुपार: वरण-बट्टी किंवा भरीत

हे दोन दिवसांतलं मुख्य जेवण. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वरण-बट्टी, थंडीत भरीत.

बट्टीसाठी आठ जणांना एक किलो जाडसर दळलेले गहू आणि पाव किलो मक्याचं पीठ. गिरणीवर "बट्टीचं" म्हटलं की ते बरोबर दळून देतात. ओवा, जिरं, हळद, मीठ, आणि तेलाचं मोहन. मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका झाला पाहिजे, तेवढं मोहन. पीठ घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. मग त्याचे गोल उंडे करून वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचे, गार झाले की सुरीने तुकडे करून तुपात किंवा तेलात खरपूस तळायचे. वाफवण्यापर्यंतचं काम लळिंगला न गेलेल्या मंडळींकडून करून घ्या, त्यांना आवडतं. सोबत तुरीचं साधं दाट वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी. ताटात बट्टी कुस्करून, त्यावर वरण, त्यावर तूप. पाहुणे बट्टी चमच्याने खायला लागले तर हाताने कुस्करून दाखवा.

भरिताला मात्र माझ्या मनात वेगळी जागा आहे. आमच्याकडे चातुर्मासात वांगी न खाणारी घरं बरीच आहेत, चंपाषष्ठीला वांगं सुरू होतं आणि मग शेताशेतांत भरिताच्या पंगती बसतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवं, मोठं, पांढरट रेघांचं, बिया कमी असलेलं ते वांगं. पाहुणे येणार म्हटलं की मी तीच वांगी आणते, जांभळी नाही. आठ जणांना अडीच किलो. ओळखीत कुणाचं शेत असेल तर तिथे जा, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजा. काड्यांचा जाळ झपकन पेटतो आणि त्या धुराचाच वास भरिताला लागतो. घरी गॅसवर भाजलं तर भरीत होतं, पण तो वास येत नाही. सोबत हिरव्या मिरच्याही भाजायच्या. आमचं प्रमाण एका किलोला शंभर ग्रॅम मिरची, पाहुण्यांसाठी निम्मी. सोललेली वांगी आणि मिरच्या लाकडी बडगीत ठेचायच्या. बडगी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात लाकडी रवीने. मिक्सर नको, त्यात बिया फुटून भरीत कडसर लागतं. तेलात लसूण, शेंगदाणे तळून घ्यायचे, कांद्याची पात, कोथिंबीर, मीठ. हळद नाही, मसाला नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी किंवा पुरी, आणि वरून कच्चं तेल.

ठेचायचं काम पाळीपाळीने सगळ्यांनी करावं.

पाहुण्यांना लांबच जायचं असेल तर

काहींना "गाडी आणलीये, कुठेतरी जाऊ" असं वाटतंच. मग शनिवारचा दिवस त्यासाठी द्या, आणि एकच दिशा धरा.

उत्तरेला जायचं तर सोनगीर आणि थाळनेर, माझी सगळ्यात आवडती वाट, मे महिना सोडून. सोनगीर आग्रा महामार्गावरच वीसेक किलोमीटरवर. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव ओळखलं जातं. तांबटांच्या कामाच्या जागेत पत्रा ठोकून हंडा कसा आकाराला येतो हे बघण्यात तास जातो. आधी विचारा, मग बघा, आणि फोटो काढायचे तर परवानगी घ्या. भांडं घेताना वजनाचा भाव आणि मजुरी वेगवेगळी विचारा. पितळेचं पातेलं स्वयंपाकाला घेणार असाल तर कल्हई करून घ्या, नाहीतर ताक-चिंच त्यात बिघडते. तिथून पुढे शिरपूर तालुक्यात थाळनेर. तापीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष आणि गावाजवळ फारुकींची थडगी. त्यातलं अष्टकोनी थडगं कोरीव कामामुळे लगेच ओळखू येतं. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज फौजेने हा किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिलं, ती हकीकत किल्ल्याच्या दारातच सांगावी. तापीचं पात्र समोर असतं, पण पोहायला उतरू नका.

भाविक पाहुण्यांसाठी पूर्वेला अमळनेर. मंगळग्रह मंदिरात मंगळवारी फार गर्दी असते, शनिवारी निवांत होतं. साने गुरुजी याच गावात शिक्षक होते. तापी-पांझरा संगमावरचं कपिलेश्वर त्याच फेरीत होतं.

झाडी आणि डोंगर हवे असतील तर चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. गौताळ्याच्या जंगलाच्या पायथ्याशी चंडिकेचं जुनं मंदिर, आणि गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद असलेला शिलालेख याच पाटणचा. गणित शिकणारं मूल बरोबर असेल तर ही जागा चुकवू नका. सकाळी सातला निघालात तरच हा दिवस नीट होतो.

अजिंठा? धुळ्याहून एका दिवसात मी नेत नाही. गाडीतच दिवस जातो आणि लेणी धावत बघावी लागतात. अजिंठ्यासाठी जळगावला नातेवाईक शोधा, तिथून लेणी साठेक किलोमीटरवर आहेत, आणि सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतात. तोरणमाळही तसंच. तिथे एक रात्र राहायला हवं, नाहीतर यशवंत तलावाच्या काठावर बसायच्या आत परतीची वेळ होते.

निघताना

बट्टी खाल्ल्यावर गाडी चालवणाऱ्याला तासभर तरी झोपू द्या. बाकीचे तोवर सामान बांधतात. शिदोरी वेगळी आणि भेट वेगळी ठेवा. शिदोरीत उरलेल्या बट्ट्या नुसत्या, वरण नको, सांडतं. त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. भेटीत भाजीची शेव, काळा मसाला, बिबडे. मसाल्याची पिशवी दुहेरी बांधा, नाहीतर पुण्यापर्यंत सगळ्या कपड्यांना वास लागतो. शेवभाजीचं प्रमाण एका कागदावर लिहून शेवेच्या पिशवीतच टाका. फोनवर विचारलं तर आपण नेहमी काहीतरी सांगायचं विसरतो.

गाडी चार वाजता निघाली की सहापर्यंत मालेगाव ओलांडून चांदवडच्या पुढे उजेडात जाता येतं. घरी पोचल्याचा फोन करायला सांगा, आणि तो आला की गाद्या घडी करून माळ्यावर टाका.